रंगाची राखण

पुतळे घडवून ते रंगविण्याच्या व्यवसायात ज्याचे आयुष्य गेले, त्याला साम्य कसे साधता, मोल किती घेता आणि पुतळा टिकतो किती वर्षे, असे तीन प्रश्न लोक बहुधा विचारतात. आणि यांतील पहिल्या दोहोंची उत्तरे मला ऐन तारुण्यातच देता येऊ लागली असली, तरी तिसऱ्याचे उत्तर गवसण्यास अर्धे आयुष्य खर्ची पडले. ब्राँझचा किंवा संगमरवराचा पुतळा किती टिकेल हे त्या त्या द्रव्याच्या गुणधर्मावरून सांगता येते. परंतु ज्या गावी शाळेची वर्गणी कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसते, त्या आर्णीसारख्या गावी पुतळा म्हणजे लोखंडी सळई, तारेची जाळी, सिमेंट, नदीची रेती आणि वरून तेलरंगाचे हात. त्याचे आयुष्य ठरते ते ज्यांच्या अंगणात तो उभा राहतो त्या माणसांच्या सवयींवरून. शाळा, सेवाभावी संस्था आणि खासगी गिऱ्हाइके यांची कामे करता करता हे मला कसकसे उमगत गेले, ते येथे सांगावयाचे आहे.

आर्णी हे यवतमाळहून सुमारे ४० किलोमीटरवर, अरुणावतीच्या काठी, नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले तालुक्याचे गाव. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे ते पंचक्रोशीपलीकडेही ओळखले जाते, आणि तेथील उर्साला हिंदू व मुसलमान अशी उभय समाजांची माणसे दर्शनास येतात. या आमच्या प्रदेशातील मुलाला शिल्पाची पहिली ओळख होते ती रंगीत शिल्पाचीच. गोकुळाष्टमीचा मातीचा कान्होबा, भाद्रपदातील पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर बसणारे भुलाबाई आणि भुलोजी, तान्ह्या पोळ्याला चाकांवरून ओढला जाणारा लाकडी नंदी, आणि नागपूरच्या रस्त्यांतून मिरवत नेऊन अखेरीस जाळली जाणारी, १८८५ पासून चालत आलेली पिवळी मारबत, यांतील एकही वस्तू रंगाविना कल्पिता येत नाही. शिल्प हे शुभ्र आणि निर्विकार असावे ही समजूत आपल्याकडे पाश्चात्त्य संग्रहालयांतील संगमरवरी मूर्ती पाहून रूढ झाली. परंतु ग्रीकांच्या त्या मूर्तीदेखील मूळच्या रंगविलेल्या होत्या, हे त्यांच्यावरील रंगांच्या अवशेषांवरून सिद्ध झाले आहे. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याला तर रंगमहाल हे नावच पडले होते, कारण आठव्या शतकातील त्या कातळावर चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यावर रंग चढविलेले होते. तेव्हा रंगविलेला पुतळा ही गरिबीतून उपजलेली तडजोड आहे, असे मी कधीही मानले नाही. ती एका प्राचीन आणि प्रतिष्ठित रीतीची, आमच्या ऐपतीला पेलणारी शाखा आहे.

माझी उमेदवारी नागपूरच्या चितार ओळीत झाली. तेथील कारखान्यांत मूर्तीचे काम तणसाच्या सांगाड्यापासून सुरू होई. त्यावर भंडारा जिल्ह्यातील आंधळगावच्या मातीचे थर चढत, आणि गणपती, शारदा, दुर्गा असा उत्सवांचा क्रम लागून गेला म्हणजे कारखान्याला दिवस-रात्र यांचा भेद उरत नसे. माझ्या वस्तादांचा शिरस्ता असा होता, की नव्या मुलाच्या हाती ब्रश देण्यापूर्वी त्याच्याकडून दीर्घकाळ नुसते रंग खलून घ्यावयाचे. पिवडी, काव, काजळी, झिंकचा पांढरा आणि आमच्याच शेतांतून पिकणाऱ्या जवसाचे तेल, एवढ्या मोजक्या सामग्रीतून माणसाच्या कातडीच्या किती छटा निघतात, हे ते बोलून सांगत नसत. माझ्याच मनगटावर रंगाचा ठिपका लावून तो दिसेनासा होईतो मिश्रण बदलावयास लावीत. उन्हाने रापलेल्या मानेचा रंग वेगळा, सदऱ्याआड झाकलेल्या खांद्याचा वेगळा, तळहाताचा तर सर्वस्वी वेगळा, आणि एकाच माणसाच्या अंगावर हे सारे रंग सुखाने नांदत असतात, हे त्या खलबत्त्याशेजारी बसून मी शिकलो. डोळ्यांची आखणी मात्र वस्ताद अखेरपर्यंत स्वतःच करीत. तो अधिकार त्यांनी मला दिला त्या दिवशी माझी उमेदवारी संपली आणि मी आर्णीस परतलो.

येथे आल्यावर मातीचा मार्ग सोडून सिमेंटचा धरावा लागला, कारण शाळांना आणि संस्थांना उत्सवापुरती मूर्ती नको होती. पावसात आणि उन्हात उभी राहील अशी हवी होती. सिमेंट हे शिल्पाचे हलके द्रव्य आहे असा एक समज आहे. तो ज्यांच्या मनात असेल त्यांनी अलिबागजवळच्या सासवण्यास जाऊन विनायक पांडुरंग करमरकरांचे शिल्पालय अवश्य पाहावे. पुण्यात १९२८ साली उभारलेला शिवछत्रपतींचा ब्राँझमधील अश्वारूढ पुतळा ज्या हातांनी घडविला, त्याच हातांनी सासवण्याची माणसे आणि जनावरे सिमेंटमध्ये अशी जिवंत केली आहेत, की द्रव्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न तेथे आपोआप निकालात निघतो. मी ते पाहून आलो तेव्हा आपण निवडलेल्या मार्गाविषयीची माझी शंका कायमची फिटली.

या द्रव्याचे स्वतःचे कायदे आहेत आणि ते सवलत देत नाहीत. सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी, मग एकास तीन या प्रमाणात सिमेंट आणि रेती यांचा लेप, आणि त्यानंतर तराई, म्हणजे पुतळ्याला गोणपाटात गुंडाळून तो सतत ओला ठेवणे. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला असता ही तराई चुकली, तर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि पुढच्या पावसाचे पाणी त्यांतून थेट लोखंडापर्यंत पोचते. तराई संपली म्हणजे लगेच रंग द्यावा अशी गिऱ्हाइकाची घाई असते, कारण उद्घाटनाची तारीख छापून झालेली असते. परंतु नव्या सिमेंटमध्ये तीव्र क्षार असतो, तो जवसाच्या तेलाशी संयोग पावून त्याचा साबण करतो, आणि मग रंग पोपडे धरून गळू लागतो. म्हणून सिमेंटचा क्षार शमेपर्यंत किमान महिनाभर तरी थांबावे, हा माझा नियम पुढाऱ्यांच्या तारखांपुढेही मी मोडू दिला नाही.

रंगांची निवडदेखील याच कायद्याने बांधलेली असते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आमच्या भागात बहुधा निळ्या कोटात असतो. संसदेच्या आवारात १९६७ साली बसविलेल्या, शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांच्या ब्राँझ पुतळ्याची ठेवण, डाव्या हातातील ग्रंथ आणि उजव्या हाताचे उचललेले बोट, ही खेडोपाडी शिरोधार्य मानली गेली. परंतु तो निळा रंग मात्र लोकांनी आपल्या अंतःकरणातून दिला. हा निळा प्रशियन असेल तर सिमेंटच्या क्षाराने त्याचा नाश होऊन तो तपकिरी पडतो, आणि अल्ट्रामरीन, म्हणजे आपण धुतलेल्या कपड्यांना देतो ती नीळ, असेल तर क्षारासही पुरून उरतो. स्वस्त तांबडे रंग दोन-चार उन्हाळ्यांत फिकटतात, तर काव आणि पिवडी, ज्या मातीचेच अंश आहेत, त्या पिढ्यान्‌पिढ्या ढळत नाहीत. सोनेरी भुकटी प्रारंभी डोळे दिपविते आणि पुढे काळवंडते. शाळेच्या कामात याखेरीज आणखी एक विचार अनिवार्य असतो. मुले पुतळ्याला हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात. म्हणून २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांस ९० भाग इतके मर्यादित केल्यापासून मी डब्यावरील मजकूर वाचल्याविना शाळेच्या कामासाठी डबा उघडीत नाही, आणि जुने साठविलेले रंग, कितीही उत्तम असले तरी, मुलांच्या वाट्यास जाऊ देत नाही.

हे सारे कौशल्याचे भाग झाले. कौशल्यापलीकडचे पहिले शिक्षण मला अंध मुलांच्या एका शाळेने दिले. तेथील विश्वस्तांना आवारात प्राण्यांची रंगीत शिल्पे हवी होती, आणि त्यांची कल्पना अशी होती, की देणगीदार भेटीस येतात तेव्हा परिसर प्रसन्न दिसावा. मापे घेण्यास गेलो असता वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मला बाजूस घेऊन सांगितले, की अंध म्हणून नोंदलेल्या मुलांपैकी पुष्कळांना थोडीफार दृष्टी असते. सूक्ष्म छटा त्यांना कळत नाहीत, परंतु काळ्याशेजारी पिवळा किंवा पांढरा असा ठळक विरोध असेल तर आकार ओळखता येतो. बाकीच्यांची दृष्टी म्हणजे त्यांचे तळहात. त्या एका संभाषणाने कामाचा आराखडा पालटला. मी बैल काळा केला आणि त्याची शिंगे व खूर पिवळे केले. वशिंड, मानेची पोळी, नाकपुड्या आणि शेपटाचा गोंडा यांचा पोत हाताला भिन्नभिन्न लागेल असा ठेवला. आणि रंगाचे थर पातळ ठेवले, कारण जाड रंगाने बारीक घडण बुजते. काम पुरे झाल्यावर एका मुलीने बैलाच्या तोंडापासून शेपटापर्यंत हात फिरविला, परत येऊन वेसणीची जागा चाचपली, आणि येथे दोर का नाही असे विचारले. मी दुसऱ्या दिवशी खरी वेसण आणि कासरा आणून बसविला. शिल्प कोणासाठी करावयाचे याचे उत्तर पैसे देणाऱ्याकडे नसते, ते त्याच्यासमोर रोज उभे राहणाऱ्याकडे असते, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनात पक्की झाली.

खासगी कामांत हा प्रश्न अधिक नाजूक रूपाने पुढे येतो. दिवंगत आई-वडिलांचा अर्धपुतळा शेतात किंवा घराच्या ओसरीवर बसविण्याची रीत आमच्या भागात वाढली आहे, आणि आधारासाठी बहुधा मतदार-ओळखपत्रावरील किंवा लग्नातल्या घोळक्यातील एखादे अस्पष्ट छायाचित्र तेवढे हाती येते. नाकाची लांबी आणि हनुवटीची ठेवण छायाचित्र सांगते. रंग ते सांगत नाही. त्यासाठी घरच्या माणसांना विचारीत बसावे लागते, आणि तेव्हा असे आढळते, की प्रत्येकाच्या स्मरणात आईचे लुगडे वेगळ्या रंगाचे असते, आणि त्या वादातूनच ती बाई हळूहळू माझ्यासमोर उभी राहते. मात्र जवळजवळ प्रत्येक घरी एक मागणी अंगावर येते: रंग थोडा उजळ ठेवा. ज्या बाईने जन्मभर उन्हात कापूस वेचला, जिच्या सावळ्या कपाळावरचे कुंकू हेच जिचे वैभव होते, तिला मरणोत्तर गोरी करण्याची ही इच्छा प्रेमातून येते हे मी जाणतो; तरीही ती मान्य करणे म्हणजे तिच्या आयुष्याचा जबाब खोडून लिहिणे होय, असे मला वाटते. ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलाला मायबाप मानले, त्याने आपल्या सावळ्या आईची लाज का बाळगावी? मी अशा वेळी मुलांना मातीचे दोन लहान मुखवटे रंगवून दाखवितो, एक त्यांनी मागितलेल्या रंगाचा आणि एक मला योग्य वाटणाऱ्या रंगाचा, आणि काही न बोलता त्यांच्यापुढे ठेवतो. निवड ते करतात. बहुतेकांचा हात खऱ्या रंगाकडे जातो, आणि ज्यांचा जात नाही त्यांचे काम मी नम्रपणे नाकारतो.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव ज्या दुःखामुळे देशभर उच्चारले जाते, ते दुःखही माझ्या दाराशी आले. कर्जापायी जीव दिलेल्या एका तरुण शेतकऱ्याचा पुतळा त्याच्या थोरल्या भावाला करावयाचा होता. त्याने बयाणा आणून दिला आणि छायाचित्रही दिले. काही दिवसांनी त्या तरुणाची पत्नी आपल्या मुलीला घेऊन आली. तिने पुतळ्याविषयी विरोधाचा शब्द काढला नाही. फक्त मुलीच्या शाळेची फी भरण्याची मुदत केव्हा संपते, ते सांगितले. मी थोरल्या भावास बोलावून बयाणा परत केला, आणि पुतळ्याऐवजी त्या छायाचित्रावरून लाकडी फळीवर एक लहान रंगीत चित्र काढून त्या घरी पोचते केले. प्रत्येक स्मरणाला शिल्पाची आवश्यकता नसते, आणि कोणते काम घेऊ नये हे ओळखणे हादेखील या व्यवसायाचा भाग आहे.

सार्वजनिक कामांचा अनुभव वेगळ्या प्रकारचा. तेथे अर्ज, ठराव, जागेचे दस्तऐवज, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता अशी कागदांची एक दीर्घ वाट असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागा यांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये असा हुकूम दिल्यापासून ती वाट अधिकच काटेकोर झाली. या दफ्तरी वाटेविषयी माझी तक्रार नाही. सार्वजनिक जागा सर्वांची असते आणि तेथे उभ्या राहणाऱ्या प्रतिमेची छाननी व्हावयासच हवी. माझे दुःख निराळे आहे. एका गावी मोठ्या समारंभाने एक पुतळा बसविला गेला, त्याखाली देणगीदारांच्या नावांची काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागली, भाषणे झाली. आणि काही वर्षांनी मी तेथून जात असता ती पाटी लखलखीत होती, मात्र पुतळ्याच्या खांद्यांवर पक्ष्यांची विष्ठा साचली होती, गालांवरचा रंग पोपडे धरून सुटला होता, आणि काठीच्या जागी उघडी सळई गंजत होती. समिती बदलली होती. नव्या समितीच्या मते ते काम जुन्या समितीचे होते. मी तेथे थांबून पुतळा पाण्याने धुतला, आणि घरी परतताना मनात एकच विचार घोळत राहिला, की घडणीचे, रंगाचे आणि मंजुरीचे सारे सोपस्कार यथासांग पार पडूनही येथे काहीतरी मुळातच करावयाचे राहून गेले आहे.

काय राहिले होते, ते मला एका शेतकऱ्याने दाखविले. त्याचा गवळाऊ जातीचा एक बैल म्हातारा होऊन गेला होता. त्याला बांधावर पुरून तेथे त्याचा पुतळा करावा अशी त्याची इच्छा होती. बैल पांढरा म्हणून मी पांढरा रंग कालवू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, पांढरा तर दगडही असते. याच्या खांद्यावर राखेची झाक होती, अन्‌ जू घासून मानीवर घट्टा पडला होता, तो पहिले काढा." त्याने सांगितल्याप्रमाणे मी घट्टा काढला, डोळ्यांच्या कडांची काजळी काढली, आणि शिंगांना हिंगुळाचा रंग देऊन काम संपविले. पुढल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे बोलावणे आले. जिवंत बैलांना नदीवर नेऊन धुतले होते, त्यांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून झाले होते, आणि घंगाळातले पाणी घेऊन घरची मुले बांधावरच्या त्या सिमेंटच्या बैलाला घासत होती. मग शिंगे नव्याने रंगली, नवी झूल पडली, नवी घुंगुरमाळ चढली. त्या घरात हे दर पोळ्याला अखंड चालू आहे. घट्ट्याची जागा आता घरातल्या धाकट्या मुलालाही ठाऊक आहे, कारण तेथे हात सावकाश फिरवावयाचा असतो, असे त्याला शिकविण्यात आले आहे. ज्या बैलाला त्या मुलाने कधी पाहिलेही नाही, त्याच्या मानेवरचे ओझे त्याला रंगाच्या हातातून कळले.

त्या क्षणी माझ्या साऱ्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर रंग फिकटणे हा मी माझ्या द्रव्याचा दोष समजत होतो आणि तो कमी करण्यासाठी शास्त्राचा आधार घेत होतो; आता कळले, की हे फिकटणेच माणसांना पुतळ्याकडे परत बोलाविते. ब्राँझला कोणाची गरज नसते, म्हणून ब्राँझला विसरणे सोपे जाते. रंगविलेला पुतळा मात्र दर दोन-तीन वर्षांनी हातांची मागणी करतो, आणि ज्या हातांनी ती पुरविली ते हात त्या प्रतिमेचे वारस होतात.

हे ध्यानी घेऊन मी जे पहिले काम केले, ते एका आश्रमशाळेसाठी गाडगे महाराजांच्या पुतळ्याचे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या, परंतु कोणाला शिष्य केले नाही, कोणाला आपल्या पायांवर डोके ठेवू दिले नाही, आणि मूर्ती व देवळे यांवर पैसा घालविण्यापेक्षा मुलांना शाळेत घाला असे गावोगावच्या कीर्तनांतून बजावले. अशा पुरुषाचा पुतळा करावा की करू नये, हा प्रश्न संस्थेच्या सभेत एका वृद्ध शिक्षकांनी उपस्थित केला, आणि तो मलाही अनेक दिवस छळीत राहिला. अखेरीस आम्ही काही गोष्टी ठरविल्या. चौथरा असणार नाही. बाबा जमिनीवर, मुलांच्याच पातळीवर, वाकून झाडताना असतील. डोक्यावर गाडग्याचे खापर, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हे मी घडविले. परंतु हातातला खराटा घडविला नाही, मुठीत पोकळी ठेवली, म्हणजे त्यात खरा खराटा बसविता येईल आणि झिजला म्हणजे बदलावा लागेल. अंगावरच्या चिंध्यांसाठी मी मुलांना आपापल्या घरून कापडाचा एकेक तुकडा आणावयास सांगितले. बंजारा तांड्यांवरून आलेल्या मुलांनी फेटियाचे, म्हणजे घागऱ्याचे, आरसे लावलेले तुकडे आणले, कोणी वडिलांच्या धोतराचा काठ आणला, कोणी शाळेच्या जुन्या गणवेशाची निळी पट्टी. सिमेंटच्या त्या वस्त्रावर मी एकेका तुकड्याचा रंग जुळवीत गेलो, आणि प्रत्येक मुलाला आपली चिंधी कोठे आहे ते ठाऊक झाले.

बाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला येते. त्या दिवशी तेथे हार घालण्याची प्रथा आम्ही मुद्दाम पाडली नाही. मुले आधी आवार झाडतात, मग पुतळा धुतात, नवा खराटा मुठीत बसवितात, आणि जो रंग उडाला असेल तो वरच्या वर्गातील मुले चित्रकलेच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली भरतात. पहिल्या मुलांनी आणलेल्या चिंध्या आता रंगांच्या रूपाने दुसऱ्याच मुलांच्या हातांनी नव्या होत आहेत. मूळच्या छटा हुबेहूब राहिलेल्या नाहीत, काही ठिकाणी माझ्या कावेवर भलताच केशरी चढला आहे. एका पाहुण्यांनी मला विचारले, की आपली कलाकृती अशी बदलताना पाहून वाईट वाटत नाही काय. मला मनापासून आनंद होतो. अपरिचित हातांनी आपले काम पुढे चालविले आहे याहून मोठा मोबदला मला या व्यवसायाने कधी दिलेला नाही.

बाहेरच्या जगातही रंगीत शिल्पे परोपकारासाठी वापरली जातात, हे मी जाणतो. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे १९९८ साली कलावंतांकडून गायींच्या आकृती रंगवून घेऊन त्या रस्त्यांवर मांडल्या गेल्या, तो प्रघात पुढे अनेक देशांत पसरला, आणि मुंबईतही २०१८ मध्ये रंगविलेल्या १०१ हत्तींचे प्रदर्शन हत्तींच्या वाटा सुरक्षित राखण्याच्या कार्यासाठी भरले होते. लिलावातून निधी उभा करण्याची ही पद्धत उपकारक आहे, आणि तशा धर्तीची कामे संस्थांसाठी मीही संतोषाने केली आहेत. तरीही लिलावात शिल्प निघून जाते आणि पैसा मागे राहतो. आमच्या भागातल्या शाळेला शिल्पच मागे राहावयास हवे असते, आणि त्यासाठी लागणारी व्यवस्था निराळी आहे.

ती व्यवस्था मी आता प्रत्येक करारात लिहून घेतो. पुतळ्याबरोबर एक कागद जातो: कोणता रंग कोणत्या भागास दिला, तो कोणत्या मिश्रणाने पुन्हा करता येईल, धुण्यासाठी साबण न वापरता स्वच्छ पाणी आणि मऊ फडके का वापरावे, भेग दिसल्यास पावसाळ्यापूर्वी ती कशी बुजवावी, आणि हे काम वर्षातील कोणत्या दिवशी कोण करील. खासगी घरी हा दिवस पोळ्याचा असेल किंवा वडिलांच्या श्राद्धाचा, शाळेत जयंतीचा असेल किंवा पुण्यतिथीचा. तो समितीच्या सोयीने न ठरता लोकांच्या पंचांगात आधीपासून असलेल्या दिवसाशी बांधला गेला, तरच समित्या बदलल्या तरी चुकत नाही. रंगांचे लहान डबे आणि दोन ब्रश मी पुतळ्यासोबतच देतो आणि त्यांची पावती संस्थेच्या दफ्तरी रुजू करावयास लावतो, म्हणजे पुढे कोणी पुतळा कोणाचा असे विचारलेच, तर त्याची राखण कोणाकडे आहे हेही त्याच कागदावर सापडते.

या मार्गाने येऊ पाहणाऱ्या तरुणांना आणि त्यांना काम देणाऱ्या विश्वस्तांना माझे एवढेच आग्रहाचे सांगणे आहे, की अंदाजपत्रकात उद्घाटनाचा मंडप, पाटी आणि चहापाणी यांच्या रकमा मांडण्याआधी पुढील दहा वर्षांच्या रंगाची आणि ते रंग देणाऱ्या मुलांना शिकविण्याच्या खर्चाची तरतूद करावी. ती रक्कम मोठी नसते. परंतु ती लिहिली गेली नसेल, तर विश्वस्तांनी काम देऊ नये आणि शिल्पकाराने ते घेऊ नये.